रक्ताचा माग

नान्नजच्या माळाला लागून आमचं ज्वारीचं रान. परवा पहाटे बांधाच्या काटेरी तारेला काळे-पांढरे केस अडकलेले, खाली रक्त. नर काळवीट. तीन खूर खोल उमटलेले, चौथा पाय फरफटलेला.

माग काढायला आजोबांनी शिकवलं. फेसाळ रक्त फुप्फुसाचं, म्हणायचे. हे तसं नव्हतं, जीव वाचण्यासारखा होता. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, माग तेवढा कामी येतो.

घाई केली नाही. पाठलाग केला की हरीण धास्तीनंच मरतं. गेल्या साली एक माझ्यामुळं गेलं, अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

ओढ्याकाठी बोरीखाली बसलेलं दिसलं. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकाला फोन लावला अन् लांबच थांबलो. वनरक्षकांनी जाळी टाकली, मी डोळ्यांवर टॉवेल बांधला. तेव्हा कुठं त्याचा श्वास जरा खाली बसला.