डुलत्या तळाचा चोरकप्पा

जपानच्या हाकोने भागातल्या हिमित्सु-बाको पेट्या ठरलेल्या क्रमाने पट्ट्या सरकवत उघडतात. ते काम बघत राहावं असंच आहे. पण घरातल्या टेबलाच्या ड्रॉवरला एका दाबात उघडणारा चोरकप्पा बरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही तो लक्षात राहिला पाहिजे.

ड्रॉवरची बाहेरची उंची 120 मिमी धरू. खालून 8 मिमी सोडून खोबणीत 6 मिमी प्लायचा खरा तळ, वर 15 मिमी पोकळी, मग 6 मिमी प्लायचा खोटा तळ. आत 85 मिमी उरतात. खोटा तळ 300 मिमी लांब असेल, तर मागच्या भिंतीपासून 60 मिमीवर खऱ्या तळावर 15 मिमी उंच आडवी पट्टी चिकटवा आणि तेवढ्याच उंचीची दुसरी पुढच्या कडेखाली. मागची कड 4 मिमी दाबली की पुढची 16 मिमी उचलते, बोट आत जातं. दाबताना मागची वरची धार थोडी मागे सरकते, म्हणून ती रंध्याने उतरवून घ्या. ती तशीच ठेवली तर फळी भिंतीत रुतते, आणि बहुतेक वेळा दोष फळी धरून ठेवणाऱ्या चुंबकाला दिला जातो.

फळी खडखडू नये म्हणून पुढच्या पट्टीत 6 × 2 मिमीचं निओडिमियम चुंबक आणि समोर फळीत लोखंडी स्क्रू. मोठं चुंबक नको: पुढे 300 ग्रॅमची ओढ असली तर मागे बोटाला बाराशे ग्रॅम जोर लागतो.

खोटा तळ सागवानी फळीचा कधीच करू नका. ओलाव्यात 4 टक्के फरक पडला की 200 मिमी रुंद सागाची फळी दीड मिमीपर्यंत फुगते, आणि नाशकात मे आणि ऑगस्ट यांच्यात हवा पार बदलते. सागाचं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेला प्लाय जवळपास हलत नाही. बाजूंना अर्धा-अर्धा मिमी फट पुरते. ड्रॉवरच्या बाजू मात्र सागाच्याच, त्या उंचीत फुगणार. उन्हाळ्यात बनवत असाल तर वर दीड मिमी जागा मोकळी ठेवा. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवानसुद्धा हवेबरोबर हलतं. शिवाय त्यात मोडके खिळे असतात. करवत लावण्याआधी चुंबक फिरवून बघा. साग तेलकट, म्हणून डिंक लावायच्या जागा आधी ॲसिटोनने पुसा.

टिचकी मारली की पोकळी बोलते. फळीच्या दोन्ही अंगांना गडद फेल्ट लावा, म्हणजे फटही झाकते. फेल्टची जाडी मात्र आधीच मापात धरा. कडांना पॉलिश नको, नुसतं मेण.

आणि खऱ्या तळाला, पुढच्या पट्टीच्या लगेच मागे, 4 मिमीचं भोक पाडून मेणाने बुजवा. तळ अडकला तर खालून काडी घालून तो वर ढकलता येतो, नाहीतर ड्रॉवर फोडावा लागेल.