तीन खोल्या, सहा पाहुणे आणि एक जांभळा माळ: आमची वाटचाल

फेब्रुवारी संपत आला की पाहुण्यांचे फोन सुरू होतात, "हेदर नक्की कधी फुलतं हो?" हेदर म्हणजे इथल्या माळावरचं जांभळ्या फुलांचं झुडूप. आता काय सांगणार, आमच्या साताऱ्यात कासला फुलं कधी येतात विचारलं तर लोक जे सांगतात तेच इथेही, पाऊस-ऊन कसं पडतंय त्यावर आहे सगळं. पण समोरच्याला तारीख हवी असते, ऑफिसात रजा टाकायची असते बिचाऱ्याला. मग मी ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा सांगून मोकळी होते आणि मनात म्हणते, देवा लाज राख.

तर आम्ही इंग्लंडमध्ये, नॉर्थ यॉर्क मूर्स म्हणून १९५२ पासूनचा नॅशनल पार्क आहे तिथे, रोझडेलच्या खोऱ्यात बी अँड बी चालवतो. रात्री झोपायला खोली आणि सकाळी भरपेट ब्रेकफास्ट, बास, जेवण नाही. मूर म्हणजे काय हे आईला फोनवर समजावताना माझी नेहमी पंचाईत होते. डोंगरमाथ्यावरचा उघडा माळ, झाडं जवळपास नाहीतच, खाली काळी पाणी धरून ठेवणारी माती आणि वर गुडघाभर हेदरची झुडपं, नजर जाईल तिथपर्यंत. वर्षातला बराचसा काळ तो तपकिरी आणि खरं सांगायचं तर जरा उदासच दिसतो. जुलैत इथेतिथे एक गडद जातीचं हेदर फुलतं, आणि ऑगस्टमध्ये मेन वालं, ज्याला इंग्रजीत लिंग (ling) म्हणतात, ते फुललं की सगळा माळ जांभळा. त्या तीन-चार आठवड्यांवर आमचं वर्षाचं गणित.

नवरा लीड्सला आयटीत होता, मी एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे. वीकेंडला फिरायला आलो आणि एक जुनं दगडी फार्महाऊस विकायला दिसलं, लाल कौलांचं, म्हणजे अगदी आजोळची आठवण यावी असं. पहिल्या बँकेने तोंडावर नाही म्हटलं, दुसरीने दिलं. सासरे म्हणाले, "लोकांची अंथरुणं काढायला गेलात होय विलायतेला?" तेव्हा राग आला होता, पण २०१६ पासून आजपर्यंत आम्ही मुख्यतः तेच करतोय हे त्यांना मी नंतर कबूल केलंय.

तीनच खोल्या का असं सगळे विचारतात, चौथी काढता आली असती ना. आली असती. पण मालक त्याच घरात राहत असेल आणि एका वेळी सहापेक्षा जास्त पाहुणे घेत नसेल तर इथे धंद्याचा वेगळा बिझनेस रेट लागत नाही, साधा घराचा काउन्सिल टॅक्स भरायचा. मी अकाउंट्सवाली, मला हे आधी दिसलं आणि मग खोल्या दिसल्या. चौथ्या खोलीत चादरी ठेवतो.

उन्हाळ्यातला दिवस सांगते. जूनमध्ये साडेचारलाच उजाडतं, साडेपाचला मी खाली, साडेसात ते नऊ ब्रेकफास्ट, अकराच्या आत खोल्या रिकाम्या व्हायला हव्यात, चारपासून नवीन गेस्ट, आणि मधल्या वेळात धुणं. या धंद्यात व्ह्यू विकला जातो पण मेहनत सगळी धुण्याची आहे हे आधी कोणी सांगत नाही. एक-एक रात्र राहणारे वॉकर्स असले की रोज तिन्ही खोल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, आणि बाहेर दोरीवर घातलं की पंधरा मिनिटांत माथ्यावरून ढग उतरलाच समजा. रात्री साडेनऊला अजून उजेड असतो म्हणून पाहुणे बाहेर बाकावर गप्पा मारत बसतात, आणि मी आत सकाळचं टेबल मांडत डोळे मिटायच्या बेतात असते.

वॉकर्स म्हणजे कोस्ट टू कोस्टवाले. पश्चिमेच्या समुद्रावरच्या सेंट बीजहून निघायचं आणि साधारण १९० मैल चालत पूर्वेला रॉबिन हुड्स बेला पोचायचं, पंढरीची वारीच ती, फक्त टाळ नाहीत. निघताना तिकडचा एक खडा उचलतात आणि इकडच्या समुद्रात टाकतात. त्यांची वाट आमच्या वरच्या ब्लेकी रिजवरून जाते, तिथे शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत लोखंडाच्या खाणींची रेल्वे होती, १९२९ ला बंद झाली आणि रूळ काढल्यावर जो सपाट रस्ता उरला त्यावरूनच हे चालतात. संध्याकाळी नवरा गाडी घेऊन वर जातो आणि त्यांना खाली आणतो, सकाळी परत सोडतो. याचे पैसे घ्यावेत का यावर आमच्यात दरवर्षी भांडण होतं. (घेत नाही. मी हरते.)

गाडीने येणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. नकाशावाली बाई त्यांना चिमनी बँकवरून आणते, तीन फूट पुढे गेलं की एक फूट खाली असा उतार, इंग्लंडमधल्या सगळ्यात तीव्र रस्त्यांमधला एक. पहिल्या वर्षी एक काका ब्रेक जळल्याच्या वासासकट दारात उभे, तोंडातून शब्द फुटेना, त्यांना आधी चहा दिला आणि मग रजिस्टर पुढे केलं. आता बुकिंगच्या मेलमध्ये पहिली ओळ तीच असते, तरी कोणी वाचत नाही.

ब्रेकफास्टचं सांगायलाच हवं. बेकन, सॉसेज, अंडी, टोमॅटो, मश्रूम, बीन्स, आणि ब्लॅक पुडिंग, जे डुकराच्या रक्ताचं असतं आणि जे मी पहिले सहा महिने चिमट्याने उचलायचे. मेनूवर काहीतरी आपलं हवं म्हणून पोहे ठेवून बघितले, लोकांनी कौतुकाने दोन चमचे खाल्ले आणि टोस्ट मागितला. मग कळलं की आपली वस्तू इथे दोनशे वर्षांपूर्वीच येऊन बसलीय, केजरी! खिचडीचंच नाव बिघडून झालेलं, साहेब लोकांनी इकडे आणताना डाळ काढून टाकली आणि स्मोक केलेला हॅडॉक मासा आणि उकडलेली अंडी घातली. मी ती मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीवर करते आणि ती तुफान चालते. आई आली होती तेव्हा तिला नाव सांगितलं, तिने वास घेतला आणि म्हणाली, "खिचडीचं वाटोळं केलंय मेल्यांनी."

गडबडी भरपूर झाल्या. आमच्याकडे गटार लाइन नाही, सेप्टिक टँक आहे, आणि ऐन ऑगस्टात कोणीतरी आठवडाभर ओले वाइप्स टाकत राहिलं, पुढचं लिहीत नाही. आमचं पाणी झऱ्याचं, २०१८ च्या आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यात ते करंगळीएवढं झालं. २०२० ला ४ जुलैला पुन्हा उघडायची परवानगी मिळाली आणि परदेशात जाता येईना म्हणून अख्खं इंग्लंड इकडे लोटलं, तो आमचा सगळ्यात जास्त कमाईचा आणि सगळ्यात कमी झोपेचा सीझन. एका ऑनलाइन साइटवर होतो, ती दर बुकिंगमागे इतकं कमिशन कापायची की बेकन फुकट वाटल्यासारखं व्हायचं, आता तिथे फक्त हिवाळ्याच्या खोल्या टाकतो.

ऑगस्टमध्ये अजून दोन पाहुणे येतात, बंदुका आणि मधमाश्या. १२ तारखेपासून ग्राऊस पक्ष्याच्या शिकारीचा सीझन. एकदा एकाच टेबलावर शिकारी आणि व्हीगन बाई आले, तेव्हापासून मी टेबलं लांब लांब लावते. मला स्वतःला शिकार पटत नाही, पण हा जांभळा रंग आपोआप टिकलेला नाही हेही इथे राहून कळलं, ग्राऊसला कोवळं हेदर लागतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यात पट्ट्यापट्ट्याने जाळून आणि मेंढ्या चारून माळ असा राखलाय. आणि शेजारचे शेतकरी आजोबा (भेटले की "नाऊ देन" म्हणतात, तोच नमस्कार) जुलैअखेर आपल्या मधाच्या पेट्या माळावर नेऊन ठेवतात. हेदरचा मध इतका घट्ट, जेलीसारखा, की साध्या मशीनमध्ये फिरवून निघत नाही, पोळं दाबून काढावा लागतो. महाग पडतो, तरी टेबलावर तोच ठेवते.

२०२५ चा ऑगस्ट मात्र विसरणार नाही. पूर्वेकडे लँगडेल मूरला आग लागली, खालची कुजलेल्या झाडपाल्याची माती कोरडी पडली की तीच आतून जळत राहते त्यामुळे विझता विझेना, आणि दुसऱ्या महायुद्धात तिथे सैन्याचा सराव चालायचा तेव्हाचे गाडले गेलेले बॉम्ब उष्णतेने फुटायला लागले. आमच्यापासून ती जागा बरीच लांब, पण टीव्हीवर "नॉर्थ यॉर्क मूर्स" एवढंच नाव येत होतं. दोन दिवसांत पाच कॅन्सलेशन. चूक कोणाचीच नव्हती म्हणून मी सगळ्यांचे पैसे परत केले, नवरा काही बोलला नाही, त्याअर्थी त्यालाही तेच करायचं होतं. एके दिवशी वारा आमच्याकडे फिरला आणि दोरीवरच्या सगळ्या चादरींना धुराचा वास, परत धुतल्या, झऱ्याचं पाणी जपून वापरत.

त्या आठवड्यात एकच जोडपं आलं, सत्तरीचे दोघं, फेब्रुवारीत तारीख विचारणाऱ्यांपैकीच. सकाळी खिडकीशी बसून केजरी खाल्ली, आमच्या बाजूचा माळ धुरकट पण पूर्ण जांभळा. आजी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलेला आठवडा बरोबर निघाला." मी म्हटलं, नशीब. मग त्यांनी मधाच्या दोन बाटल्या विकत घेतल्या आणि चिमनी बँक टाळून जायचा रस्ता विचारला.