माझी मोडलेली फूटपट्टी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून मित्राचा फोन आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती माझी लाकडी फूटपट्टी, जी भूगोलाच्या सरांनी भर वर्गात मोडली. भूकंपाचा धडा चालू होता, सरांनी पहिल्या बाकावरून नेमकी माझीच पट्टी उचलली, दोन्ही टोकं धरली आणि बोलता बोलता हळूहळू वाकवायला लागले, आमचं कुणाचं बोलण्याकडे लक्षच नाही, सगळ्यांचे डोळे पट्टीवर, आणि मग काड्कन! सरांनी विचारलं, भूकंप कधी झाला? आम्ही ओरडलो, आत्ता! तर म्हणे, आत्ता नुसता सुटला, साठत तर मगापासून होता. प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठाले तुकडे, सरकत असतात पण फॉल्टवर, म्हणजे त्यांच्यातल्या भेगेवर, खडक एकमेकांत अडकून बसतात, मग ते वाकतात, शेकडो वर्षं ताण साठत जातो आणि मिनिटभरात मोकळा होतो. पुढे कॉलेजात जिऑलॉजी घेतलं तेव्हा वाचलं की 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात सरळ कुंपणं मधेच तुटून काही ठिकाणी 6 मीटरपर्यंत बाजूला गेली होती, आणि असल्याच मोजमापांवरून रीड या शास्त्रज्ञाने ही थिअरी मांडली. मला त्यात नवीन काहीच वाटलं नाही, माझी पट्टी आधीच खर्ची पडली होती ना.

मग खूप खोलवर भूकंप का होत नाहीत असं कुणीतरी विचारलं. सरांनी खिशातून मेणबत्तीचे दोन तुकडे काढले (खिशात कायम काहीतरी असायचंच), एक तसाच मोडला, दुसरा बराच वेळ मुठीत धरून मग वाकवला, तो निमूट वाकला. खोलवरच्या गरम खडकाचंही तसंच, साधारण 700 किमीच्या खाली भूकंप नाहीतच.

ज्वालामुखीचं मात्र आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जमिनीखाली सगळा लाव्हाच भरलाय. तसं नाहीये, मँटल, म्हणजे कवचाखालचा जाड थर, बहुतेक सगळं घट्टच आहे. समुद्राखालची प्लेट दुसरीच्या खाली घुसते तेव्हा पाणी सोबत नेते, त्या पाण्यामुळे वरचा खडक कमी तापमानालाच वितळायला लागतो, जसा मिठाने बर्फ वितळतो, आणि तो वितळलेला खडक, म्हणजे मॅग्मा, हलका म्हणून वर येतो. मेक्सिकोत 1943 साली मक्याच्या शेतात पारिकुटिन नावाचा ज्वालामुखी उगवला आणि वर्षभरात 300 मीटरच्या वर गेला, ही गोष्ट आम्ही सरांकडून किती वेळा ऐकली असेल!

अटलांटिकच्या तळाशी मधोमध मात्र प्लेट एकमेकींपासून लांब जातात, तिथे वर आलेल्या मॅग्मापासून नवीन कवच तयार होत असतं आणि तो महासागर वर्षाला अंदाजे अडीच सेंमी रुंद होतो. सरांनी फळ्यावर हिशोब करून दाखवला होता, पाचवी ते दहावी सहा वर्षं, म्हणजे 15 सेंमी, अर्धी फूटपट्टी. पट्टी काही सरांनी भरून दिली नाही ती नाहीच, पण तेवढाच तुकडा दहावीपर्यंत माझ्या कंपासपेटीत होता.