शेपूट वळवळत राहिले

26 नोव्हेंबर 2025, बुधवार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

दक्षिण आफ्रिकेविरुद्धची गुवाहाटीची कसोटी आज दुपारी संपली. 549 धावांच्या लक्ष्यासमोर भारताचा संघ 140 धावांत आटोपला, सामना 408 धावांनी गेला आणि मालिका 2-0 अशी गमावली. धावांच्या हिशेबात भारताचा इतका मोठा पराभव यापूर्वी कधी झालेला नव्हता. याआधीचा नकोसा विक्रम आपल्या नागपूरच्या नावावर होता. ऑक्टोबर 2004 मध्ये सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने आपल्याला 342 धावांनी हरवले होते. त्या सामन्याच्या सकाळी गांगुली बाहेर बसला, नेतृत्व द्रविडकडे आले आणि खेळपट्टीवर गवत कोणी व का ठेवले, याची चर्चा पुढे कित्येक वर्षे विदर्भात चालली. एकवीस वर्षांनी तो डाग पुसला गेला खरा, पण तो असा पुसला जावा, अशी इच्छा कोणा वैदर्भीयाची नसावी.

सायंकाळी पारावर याच विषयाची बैठक बसली होती आणि सगळ्यांचा राग फलंदाजांवर होता. "पोट्ट्यायले फिरकी खेळताच येत नाही," हा तेथला एकमुखी निकाल. कोलकात्यात 124 धावांचा पाठलाग करताना 93 धावांत गुंडाळला गेलेला संघ पाहिल्यावर आणि आज सायमन हार्मरने 37 धावांत सहा बळी घेतल्यावर हा निकाल चूक कसा म्हणावा? तरीही मला तो अर्धाच वाटतो. गुवाहाटीचा सामना आज हरला नाही, काल किंवा परवाही हरला नाही. तो रविवारी, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सत्रात हातातून गेला, आणि त्या वेळी चेंडू आपल्या हातात होता, बॅट नव्हे.

त्या दिवशी आमच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. वजनकाट्याशेजारी कापसाच्या गाठोड्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. एक डोळा काट्यावर आणि एक पडद्यावर, अशी माझी अवस्था होती. आदल्या संध्याकाळी दक्षिण आफ्रिकेचे सहा गडी 247 धावांत बाद झाले होते. दुसरा नवा चेंडू शनिवारी शेवटी शेवटी घेतला होता, सिराजने त्यावर एक बळीही मिळवला होता आणि लगेच अंधुक प्रकाशामुळे खेळ थांबला होता. म्हणजे रविवारी सकाळी बुमराह आणि सिराज यांच्या हातात दोन षटकेही पूर्ण न झालेला, करकरीत चेंडू होता, आणि समोर सातव्या गड्याची जोडी. घरच्या मैदानावर गोलंदाजाने याहून अधिक काय मागावे? ईशान्येत सूर्य लवकर मावळतो म्हणून या कसोटीत चहापान आधी आणि जेवणाची सुट्टी नंतर होती. त्या चहापानापर्यंत मुथुसामी आणि व्हेरेन यांनी एकही गडी पडू दिला नाही. चेंडू जुना होत गेला आणि आपण वाट पाहत राहिलो.

वाट पाहत राहिलो, हाच माझा खरा राग आहे. व्हेरेन बाद झाल्यावर मार्को यान्सन आला आणि त्याने 91 चेंडूंत 93 धावा केल्या, त्यात सात षटकार. मुथुसामीने कसोटीतले पहिले शतक झळकावले. षटकार सुरू होताच क्षेत्ररक्षक सीमारेषेकडे पांगले, आणि ज्या फलंदाजाला बाद करायचे होते त्याला एकेक धाव फुकट मिळू लागली. मधल्या काळात षटकांची गती रेंगाळल्याबद्दल पंचांनी संघाला दोनदा ताकीद दिली. दोन षटकांमध्ये साठ सेकंदांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये, असा आता कसोटीतही नियम आहे आणि तिसऱ्या खेपेला पाच धावांचा दंड बसतो. यष्टीजवळच्या मायक्रोफोनमधून कर्णधार पंतचा फिरकी गोलंदाज कुलदीपवरचा त्रागा घरोघरी ऐकू गेला. काही जणांना ती गंमत वाटली. मला ती कर्णधाराच्या हातून दोर सुटल्याची खूण वाटली, कारण दोन फिरकी गोलंदाज आलटूनपालटून टाकत असताना घड्याळाची भीती बाळगावी लागते, याचा अर्थ पुढचे षटक कोणी टाकायचे आणि कोणत्या क्षेत्ररचनेला टाकायचे, हे आधी ठरलेलेच नसते. 247 चे 489 झाले. शेवटच्या चार गड्यांनी जवळजवळ पहिल्या सहा गड्यांइतक्याच धावा जोडल्या.

त्या दिवसाचा खेळ संपल्यावर कुलदीपने खेळपट्टीला चक्क रस्ता म्हटले. त्याचे चारही बळी कष्टाचे होते, तेव्हा त्याच्यावर मी चिडत नाही. पण त्याच रस्त्यावर दुसऱ्याच दिवशी यान्सनने 48 धावांत सहा जणांना माघारी पाठवले, त्यातले बरेच आखूड टप्प्याच्या चेंडूंवर. त्याची उंची आपल्या कोणत्याच गोलंदाजाकडे नाही, हे मान्य. परंतु आखूड टप्प्याचा चेंडू टाकून फलंदाजाला मागे रेटायचे आणि झेलासाठी माणसे नेमक्या जागी उभी करायची, ही कल्पना उंचीवर अवलंबून नसते. दक्षिण आफ्रिकेकडे ती होती. एडन मार्करमने या एकाच सामन्यात नऊ झेल घेतले, हा कसोटीतील क्षेत्ररक्षकाचा विक्रम आहे. गोलंदाजाने कोठे टाकायचे आणि झेल कोठे जाणार, हे गोलंदाज आणि क्षेत्ररक्षक दोघांनाही ठाऊक असल्याशिवाय इतके झेल एका माणसाकडे जात नाहीत.

संघनिवडीबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. अष्टपैलू म्हणून नितीश रेड्डीला घेतले आणि दीडशेहून अधिक षटकांच्या डावात त्याच्या वाट्याला दहासुद्धा आली नाहीत. ज्याच्यावर कर्णधाराचा विश्वास नाही, त्याला अकरा जणांत घेण्याचा हट्ट कोणाचा? जुलैमध्ये बर्मिंगहॅमला दहा बळी घेऊन सामना जिंकून देणारा आकाश दीप मात्र संघासोबत असूनही बाहेर बसला. भारतात वेगवान गोलंदाजाला काम नसते, ही समजूत आम्हाला तरी पटत नाही. वलनीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या कामगाराचा मुलगा उमेश यादव याने 2018 मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध एका सामन्यात दहा बळी घेतले होते, आणि ती खेळपट्टीदेखील भारतातलीच होती. फिरकीच हवी असेल, तर गेल्या रणजी हंगामात 69 बळींचा विक्रम करून विदर्भाला करंडक मिळवून देणारा हर्ष दुबे आहे. (माझा विदर्भाकडे ओढा आहे, तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही.)

पंतला एकट्याला झोडपणे अन्यायाचे होईल. नेहमीचा कर्णधार गिल याची मान कोलकात्यात आखडली, नेतृत्व अचानक गळ्यात पडले, आणि गोलंदाजीचे हे दुखणे पंतच्या आधीपासूनचे आहे. जुलैत मँचेस्टरला इंग्लंडने 669 धावा केल्या, तेव्हा गिलने वॉशिंग्टन सुंदरला साठाच्या पुढच्या षटकापर्यंत चेंडूच दिला नव्हता, आणि चेंडू मिळताच त्याने पाठोपाठ दोन गडी बाद केले होते. त्याआधी लीड्सला पाच भारतीय शतके होऊनही इंग्लंडने शेवटच्या दिवशी 371 चा पाठलाग पाच गडी राखून पूर्ण केला. कोलकात्यातही तिसऱ्या सकाळी दक्षिण आफ्रिका 7 बाद 93 अशी अडकली असताना बवुमा आणि बॉश यांनी 44 धावांची भागी केली, आणि आपण हरलो अवघ्या 30 धावांनी. मैदान बदलते, कर्णधार बदलतो, पण समोरच्या संघाचे शेपूट, म्हणजे तळाचे फलंदाज, वळवळू लागले की आपल्याला काही सुचत नाही, हे मात्र बदलत नाही.

या संदर्भात मला नागपूरच्या नव्या, जामठ्याच्या मैदानावरचा 2008 चा सामना आठवतो. ऑस्ट्रेलिया 2 बाद 189 अशी सुस्थितीत होती आणि कॅटिच व हसी जमले होते. तिसऱ्या सकाळी धोनीने आठ क्षेत्ररक्षक ऑफ बाजूला आणि एकच लेगला ठेवला, आणि झहीर व इशांतला ऑफ यष्टीच्या बाहेर, दूरवर मारा करीत राहायला सांगितले. तो खेळ पाहणे शिक्षाच होती. समालोचक वैतागले, परदेशी पत्रकारांनी नाके मुरडली, आणि आमच्या गावातही धोनीला शिव्या बसल्या. पण ऑस्ट्रेलियाला दिवसभरात 166 धावाच करता आल्या, सगळा संघ 355 वर बाद झाला आणि भारताने पुढे सामना 172 धावांनी जिंकला. ती चाल देखणी होती, असे कोणी म्हणणार नाही. पण ती चाल होती, अकरा जणांना ती कळलेली होती आणि लोक हसतील म्हणून कर्णधाराने ती तासाभरात मोडली नाही. रविवारी चहापानापर्यंत मी तसले काहीतरी शोधत होतो. वाईट, कंटाळवाणे, अगदी भित्रे म्हणावे असे काहीही चालले असते.

रात्री जेवताना पुतण्याने मला छेडलेच. "काका, मंग तुमी कॅप्टन असते त काय केलं असतं?" मी म्हणालो, नव्या चेंडूची पहिली दहा षटके बुमराह आणि सिराज यांनी टाकली असती, दोन स्लिप आणि एक गली हलवली नसती, मुथुसामीला शॉर्ट लेग लावून अंगावर चेंडू टाकले असते, आणि दोघे दमले की तिसरा वेगवान गोलंदाज आणला असता. "तिसरा कोन? तो त बाहेर बसला होता न," पुतण्या म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडू लागला. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हते. निवड समितीकडे असेल तर तिने द्यावे. रविवारी रांचीला एकदिवसीय मालिका सुरू होते, रोहित आणि विराट खेळणार म्हणून पारावरची मंडळी आतापासूनच खूष आहेत. दोन-चार षटकार बसले की गुवाहाटीचे नाव कोणी काढणार नाही, आणि त्या तिसऱ्या गोलंदाजाचे तर नाहीच नाही.