पीएचडीच्या मध्यावर

बडोद्यात पीएचडी करतेय, विषय प्रोटीन क्रिस्टलोग्राफी, म्हणजे प्रोटीनचे क्रिस्टल (स्फटिक) करून एक्स-रेनं त्याची रचना शोधायची, आणि सध्या रोज वाटतं की हे आपल्याच्यानं होणार नाही. प्रोटीन शुद्ध मिळतं, जेलवर छान एकच बँड दिसतो, पण क्रिस्टल काही येत नाही, मीठ बदला, पीएच बदला, तापमान बदला, ट्रेमध्ये नुसता गाळ. दांडिया बाजारात काकू भेटल्या की विचारतात, अगं झालं का शिक्षण, मायेनंच विचारतात पण मला उत्तर सुचत नाही.

वेंकी रामकृष्णन इथलेच, एमएस युनिव्हर्सिटीतून १९७१ ला फिजिक्सचं बीएससी, मग अमेरिकेत फिजिक्सचीच पीएचडी, आणि ती झाल्यावर परत विद्यार्थी होऊन बायोलॉजी शिकायला बसले, २००९ चं नोबेल रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या, रचनेसाठी. त्याच नोबेलमधल्या आदा योनाथ यांना रायबोसोमचे पहिले क्रिस्टल १९८० च्या सुमारास मिळाले आणि नीट रचना यायला २००० उजाडलं. लोक हे धीर द्यायला सांगतात. मला मात्र ती मधली वर्षंच विचारावीशी वाटतात, तेव्हा त्यांना पुढचं कुठे माहीत होतं.

सोमवारी गाईडशी बोलणार आहे, क्रिस्टलच्या आड येत असेल तो प्रोटीनचा लवचिक तुकडा कापून बघू या का, की सरळ क्रायो-ईएमकडे वळू या, म्हणजे क्रिस्टलशिवायच, प्रोटीन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं रचना बघायची.