एसटी-व्ही बोर्ड, टप्पा ३: पाच व्होल्ट पट्टीवरच मोजा

सांगलीतला सेगा एसटी-व्ही (आर्केड गेम मशिनमधला बोर्ड) आता सलग तीन तास चालतो. मागच्या टप्प्यात दर पाच-सात मिनिटांनी रीसेट होत होता. बोर्ड ठणठणीत होता, वायर बारीक होती.

आतला मामला सेगाच्या घरच्या गेम कन्सोलचा, सॅटर्नचाच: 28.6 मेगाहर्ट्झचे दोन एसएच-2 प्रोसेसर, व्हिडिओच्या चिपही त्याच. सीडीऐवजी रॉम कार्ट्रिज, आणि कडेला 56 संपर्कांची जामा पट्टी (आर्केड बोर्डांची प्रमाणित जोडणी; वीज, चित्र, आवाज इथूनच). सॅटर्नचा पॉवर सप्लाय त्याच्या पोटातच असतो. इथे 5 व्होल्ट बाहेरून, आपण ओढलेल्या वायरीतून येतात. मेख तिथेच आहे.

आधी 0.5 चौरस मिमीची दीड मीटर वायर होती, 5 व्होल्टला एक, ग्राउंडला एक. एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) 5.05 व्होल्ट, पट्टीवर 4.68. जाऊन-येऊन वायरीचा रोध साधारण 0.1 ओहम, साडेतीन अँपिअरला तेवढं वाटेतच गळतं. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) कनेक्टरमध्ये 3 नंबरचा पत्रा (संपर्क) तपकिरी पडला होता, म्हणजे सैल संपर्क तापत होता. एसएमपीएसचा स्क्रू पिळून 5.4 करू नका. भार कमी झाला की तो जादा व्होल्टेज थेट चिपांवर येतो.

आता 1.5 चौरस मिमी, लांबी 40 सेंमी. पट्टीच्या एका बाजूचे संपर्क आकड्यांनी, दुसऱ्या बाजूचे अक्षरांनी ओळखतात. 5 व्होल्ट 3, 4, C, D वर. ग्राउंड 1, 2, A, B वर. दोन्हीच्या चारही पत्र्यांना वेगळी वायर. गेम चालू असताना पट्टीवर 5.02. 7 नंबरच्या खाचेत प्लास्टिकची की बसवल्याशिवाय वीज देऊ नका. कनेक्टर उलटा बसला तर बोर्ड गेलाच समजा.

चित्रासाठी कंपोनंट इनपुटचा जुना 21 इंची सीआरटी (काचेच्या नळीचा टीव्ही) आणि मध्ये आरजीबी ट्रान्सकोडर (लाल-हिरवा-निळा सिग्नल कंपोनंटमध्ये बदलणारा). जामाचा आरजीबी टीव्हीच्या 0.7 व्होल्टपेक्षा बराच जोरकस असतो, म्हणून लाल (12), हिरवा (N), निळा (13) यांना प्रत्येकी 500 ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रोध), सिंकला (चित्र जागेवर धरणारा सिग्नल, P) 470 ओहम. तिन्ही प्रीसेट मधोमध ठेवून सुरुवात करा, मग पांढरा रंग पांढरा दिसेपर्यंत हळूहळू फिरवा. घाई केली की ढग गुलाबी होतात.

आवाज 10 आणि L वरून थेट स्पीकरला. तो आधीच अँप्लिफाय झालेला असतो. टीव्हीच्या ऑडिओ इनपुटला लावू नका, L ग्राउंडलाही जोडू नका.

पावसाळ्यात कृष्णाकाठची ओल कार्ट्रिजच्या संपर्कांवर बसते आणि चित्रात चौकोनी कचरा दिसतो. 99 टक्के आयसोप्रोपिल आणि कापसाचा बोळा. बोळा काळा यायचा थांबेपर्यंत पुसा. खोडरबर नको, सोन्याचा मुलामा निघतो.