वॉरहॉलचे डबे आणि आमच्या बोळातली भिंत

दोन-तीन दिवस डोक्यात एकच घोळतंय, अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचे ते सूपचे डबे. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत त्याने ३२ कॅनव्हास मांडले, प्रत्येकावर कॅम्पबेल सूपचा एकेक डबा, तोच लाल-पांढरा, फक्त फ्लेवर वेगळा, आणि खाली अरुंद फळी ठोकून किराणा दुकानात लावतात तसे ते ओळीने लावलेले. रोज स्वयंपाकघरात दिसणारी वस्तू, तिच्याकडे कोण बघतं? त्याने बघायला लावलं. पुढे तो सिल्कस्क्रीनवर गेला, म्हणजे एकच चित्र जाळीतून शाई ओढून परत परत छापायचं, आणि दर वेळी शाई कुठे जास्त कुठे कमी, त्यामुळे सारखं असूनही सारखं नाही.

हे सगळं आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात राहून वाचताना वेगळंच वाटतं. इथे गल्लीत यंत्रमागाची खडखड दिवसभर चालू, जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोक असेल तसा धागा उचलला जातो आणि तेच फूल, तोच मोर चादरीमागून चादरीवर येत राहतो. त्या चादरी अख्ख्या महाराष्ट्रात लोकांच्या अंगावर आहेत. गॅलरीत जायला वेळ नसलेल्या माणसाच्या घरात डिझाईन पोचवणारं याहून मोठं काय असणार?

परवा नवी पेठेत एक पेंटर काका शटर रंगवत होते तिथे मी बराच वेळ थांबले. आता सगळीकडे फ्लेक्स, त्यामुळे असं काम दिसतच नाही. दोरी निळीत बुडवली, दोन्ही टोकं ताणून धरली, मधे टिचकी मारली की शटरवर सरळ रेघ, मग त्या दोन रेघांच्या मधे अक्षरं. शटरच्या पत्र्याला वळ्या असतात म्हणून ब्रश वर-खाली जातो, तरी "भांडार" मधला भां कुठे वाकडा नाही. मी विचारलं, "काका, कागदावर काढून घेत नाही का?" म्हणाले, "हातात बसलंय की आता."

रस्त्यावरच्या कलेचं मला हेच आवडतं, ती वाटेत भेटते. अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग १९८० पासून न्यूयॉर्कच्या सबवेत जाहिरातीच्या रिकाम्या जागेवर चिकटवलेल्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्रं काढायचा, ऑफिसला चाललेले लोक थांबून विचारायचे हे काय काढलंय, पोलीस पकडायचे, दंड व्हायचा, तरी परत जायचा. आणि चित्रकार एम. एफ. हुसेन तर आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरचे, मुंबईत सुरुवातीला सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. म्हणजे फूटपाथवरून मान वर करून बघणाऱ्या पब्लिकसाठी.

मग वाटतं आपल्या भिंतींवर आपलं रोजचं का नाही? रंगवलेल्या भिंती आहेत, घोषणा आहेत, झाडं-पक्षी आहेत, चांगलंच आहे, पण ते कुठल्याही शहरात चालेल असं. आमच्या गल्लीत बायका उंबऱ्यात बसून बिड्या वळतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कापलेली पानं, चिमूट टाकायची, वळायची, टोक दुमडून दोरा गुंडाळायचा, बोलताना एकदा पण खाली बघत नाहीत. ते सूप भिंतभर मोठं, वरून बघितल्यासारखं काढलं तर? मला ते आत्ताच दिसतंय.

घरमालक मागच्या बोळातली भिंत द्यायला तयार झालेत. फक्त देवाचं काही काढू नका म्हणाले, ते बरोबरच आहे. संध्याकाळी पेंटर काकांना फोन केला, सूप काढाल का विचारलं. "धान्य पाखडायचं की बिडीचं?" बिडीचं म्हटल्यावर तंबाखूच्या रंगावरच किती वेळ बोलत होते, गेरू लई लाल पडतो म्हणे, त्यात काळा मारावा लागेल. रविवारी शेजारच्या अक्कांकडे सूप बघायला येतो म्हणालेत.